भांडण मिटलंय? मग आता कागद जमवा

तुमचं दोघांचं एकमत झालंय, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. अभिनंदन! हिंदू विवाह कायदा 1955, कलम 13-ब, परस्परसंमतीने घटस्फोट. वर्षभर वेगळे राहिलात, पोटगीचं ठरलं, दागिने ज्याचे त्याला गेले. आता राहिलेत ते फक्त कागद, असं वकील म्हणतात. तेव्हा या काही प्रेमळ सूचना.

रागाच्या भरात लग्नाचा फोटो फाडू नका. तो लागतो. गळ्यात हार, दोघंही फोटोत, चेहरे स्पष्ट. लग्न मोडलंय ते नंतर बघू, आधी ते झालं होतं हे सिद्ध करा. पत्रिकाही लागेल आणि ती नेमकी सासूबाईंच्या कपाटात असेल. 'आई, जरा पत्रिका द्याल का, घटस्फोटाला लागतेय,' हे वाक्य आरशासमोर म्हणून बघा.

लग्नाची नोंदणी केली नसेल तर उत्तमच. नोंदणी नाही म्हणून लग्न अवैध ठरत नाही, असं त्याच कायद्याचं कलम 8 सांगतं. कोर्टात कागद घेणाऱ्या खिडकीपलीकडच्या माणसाला ते ऐकवा आणि काय झालं ते मलाही कळवा.

झेरॉक्स सांगतील त्याच्या दुप्पट काढा.

आता नाव. ही सूचना बायकांसाठी. पुरुषांनी खुशाल पुढच्या परिच्छेदावर जावं. आधारवर नवऱ्याचं नाव-आडनाव, पॅनवर वडिलांचं, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं, आणि तांदळात लिहिलेलं नवं नाव हौसेने कुठे लावलं असेल तर देवच वाचवो. मग एक प्रतिज्ञापत्र करायचं की ही सगळी मिळून एकच बाई आहे. ते झालं की कळतं, इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठेतरी एक 'ए' जास्त आहे. त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र. अहो, मी समोर उभी आहे. नवरा शेजारी उभा आहे. तो स्वतःच्या तोंडाने सांगतोय की हीच ती. आम्ही एकमेकांना ओळखतो म्हणूनच तर इथे आलोय! तरी पुरावा काय? आणि हे सगळं कशावर, तर स्टॅम्प पेपरवर. कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात 2004 पासून माफ आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभराच्या जागी पाचशे आले तरी माफी ती माफीच. हे बाहेर बसलेल्या टायपिस्टला सांगितलं तर तो म्हणतो, "मॅडम, कोऱ्या कागदावर आत घेत नाहीत ओ." आत विचारलं तर, "आम्ही कुठे म्हटलं? पण स्टॅम्पवर असलेलं बरं." बरं कुणाला? मला? सरकारने तर सोडले हे पैसे. मग मी ते कुणाच्या समाधानासाठी भरतेय?

अर्जाचा मसुदा वाचण्याच्या भानगडीत पडू नका. मी वाचला. आम्हाला मूलबाळ नाही, पण अर्जात दोन मुली आहेत आणि त्यांचा ताबा आनंदाने माझ्याकडे दिलेला आहे. आमचं लग्नही भलत्याच गावी लागलंय. फी तेवढी बरोबर आमच्याच नावावर होती.

अर्ज केल्यावर कायद्याने सहा महिने थांबायचं असतं. तेवढं थांबायचं नसेल तर सोपं आहे. ही मुदत कोर्टाला माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलंय. त्यासाठी वेगळा अर्ज. अर्जाला प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्राला काय लागतं, ते वर वाचलंत.

बास. पुरे झाला उपरोध.

खिडकीवाले साहेब, एका खेपेला एकच त्रुटी का सांगता? आज पानांना नंबर नाहीत, पुढच्या खेपेला आधारची प्रत पुसट, त्याच्या पुढच्या खेपेला 'सूची जोडलेली नाही'. गठ्ठा पहिल्या दिवशीही हाच होता ना? तेव्हाच सगळं बघून एका चिठ्ठीवर लिहून द्यायला काय जात होतं? काय काय लागतं त्याची यादी दारावर चिकटवायला कुठला वटहुकूम हवा? इथे येणारा माणूस रजा टाकून येतो. ज्याच्याशी बोलणंही संपलंय त्याच्या शेजारी बाकावर तासन्‌तास बसतो, आणि तुम्ही जेवणाची सुट्टी झाली म्हणून खिडकी लावता.

आणि वकीलसाहेब, अशील रडत असला तरी त्याला वाचता येतं. जुन्या अर्जात नवी नावं घालायची तर निदान सगळीकडे घाला. 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' याखाली सही आमची असते. उद्या कोर्टाने 'मुली कुठे आहेत' म्हणून विचारलं तर उत्तर मला द्यावं लागेल, तुमच्या टायपिस्टला नाही.