स्पेसबार आणि नैमित्तिक प्रलय

स्पेसबार अडकत होता. एवढंच. त्यासाठी नाशिकच्या मेहेर सिग्नलजवळच्या गल्लीतल्या एका दुकानात लॅपटॉप टाकला आणि दोन दिवसांनी आणायला गेलो. काउंटरवरच्या पोरानं तो उघडून माझ्याकडे फिरवला. पडद्यावर निळं, कोरं करकरीत आकाश. एक फोल्डर नाही.

"काका, सगळं उडवून नवीन विंडोज टाकलं. मख्खन चालतंय."

मी ४३ वर्षांचा आहे. 'काका' हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

"आणि आत होतं ते?"

"काय होतं?"

आता काय सांगणार? कामाच्या फायली ईमेलमध्ये आहेत, फोटो बायकोच्या फोनमध्ये. आत होती माझी स्कायरिम. २१४ तास. लेव्हल ६१. त्या खेळातल्या व्हाइटरन गावात ५,००० मोहरा रोख मोजून घेतलेलं घर आणि त्या घरात, का ते विचारू नका, भिंतीला टेकवून रचलेले चीजचे गोल. (क्लाउडवर का नाही ठेवलं, असं विचारणाऱ्यांसाठी: जागा खातं म्हणून ते मीच बंद केलं होतं. यावर चर्चा नको.)

"गेम होती," मी हळू आवाजात म्हणालो.

"हात्तिच्या, गेमच ना! मला वाटलं काही महत्त्वाचं होतं."

कुणाचं २१४ तासांचं भरतकाम उंदरानं कुरतडलं असतं तर अख्खी गल्ली हळहळली असती. मी स्पेसबार दाबून पाहिला. अडकला.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक एकच होतं. प्लॅस्टिकच्या स्टुलावर एक गुरुजी बसले होते. धोतर, उपरणं, कपाळाला गंध, मांडीवर हेल्मेट. पंचवटीतून आले होते. ज्या लॅपटॉपवर ते पत्रिका काढतात, तो पोराच्या टेबलावर पोट फाडून पडला होता.

"यजमान," ते मला म्हणाले, "नुसता सी ड्राइव्ह गेला की अख्खी डिस्क?"

"सी."

"मग नैमित्तिक." त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. "प्रलय चार प्रकारचे. नित्य, म्हणजे रोजचं मरण. तुम्ही रात्री लॅपटॉप बंद करता ना, ते. नैमित्तिक म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस मावळला की खालचे तीन लोक जातात, वरचे राहतात. तुमचा डी राहिलाय, बघा. प्राकृत म्हणजे डिस्कच जळाली. आणि आत्यंतिक म्हणजे मोक्ष."

"लॅपटॉपचा मोक्ष?"

"विकून मोकळं व्हायचं."

आता माझी चूक सांगतो. गप्प राहून १,२०० रुपये देऊन निघायचं होतं. पण माझं दुःख गांभीर्यानं ऐकणारा हा पहिला माणूस. मी म्हणालो, गुरुजी, आमच्या गेममध्येही कल्प असतो. कल्पच म्हणतात त्याला.

गुरुजींनी हेल्मेट खाली ठेवलं.

"यजमान, मी रोज संकल्प सांगतो. श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे, प्रथमचरणे. एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा. आजवर एका यजमानानं विचारलं नाही की गुरुजी, कल्प म्हणजे काय. हातावर पाणी घेऊन मोबाइल बघतात. आणि तुम्ही सांगताय, गेममध्ये आहे? कुणी काढली?"

"अमेरिकेत. ११ नोव्हेंबर २०११ ला आली."

"तिकडे कळतं," ते पोराकडे बघत म्हणाले. पोरगा स्क्रू शोधत होता.

मग मी सांगत सुटलो. काळाच्या देवाचा थोरला मुलगा अल्डुइन, काळा ड्रॅगन. कल्प संपला की जग खाऊन टाकायचं, मग नवं जग सुरू होतं, हे त्याचं नेमून दिलेलं काम. पण या खेपेला त्याला वाटलं, खायचं कशाला, राज्य करू.

"म्हणजे यमानं रेडा दावणीला बांधून नगरसेवकाला उभं राहायचं."

"तसंच. मग तीन वीरांनी त्याला अडवला, पण तो मरेना. तेव्हा एका प्राचीन, जादूच्या पोथीच्या गुंडाळीच्या जोरावर त्याला सरळ पुढच्या काळात ढकलून दिला."

"निकाल लावला नाही. तारीख दिली," गुरुजी म्हणाले. त्यांचा कुठेतरी जमिनीचा दावा चालू असणार.

"तारखेला तो उगवतो तेव्हा आपण असतो. तो डोंगराडोंगरांत पुरलेले ड्रॅगन हाका मारून उठवतो. नुसत्या हाडांवर मांस चढतं. त्यांना कुणीही मारलं तरी पुन्हा उठवता येतं. आपण मारलं तर मात्र त्यांचा आत्मा आपण गिळतो, मग परत जन्म नाही."

"तुम्ही किती गिळलेत?"

"८३."

गुरुजींनी स्टूल किंचित मागे सरकवलं. "शाकाहारी ना तुम्ही?"

"घरी."

पुनर्जन्म आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला २००२ सालच्या, याच मालिकेतल्या मॉरोविंडपर्यंत मागे जावं लागलं. तिथला नायक म्हणजे फार पूर्वी मेलेल्या नेरेव्हर नावाच्या सेनापतीचा पुनर्जन्म. पण म्हणे तर म्हणे, पुरावा काय? तर एक अंगठी आहे. ती घालून जो मेला नाही तो खरा.

"आणि आधी ज्यांनी दावा केला, पण फसले?"

"त्यांची भुतं एका गुहेत बसलेली असतात."

"अतृप्त," गुरुजींनी मान हलवली. "त्र्यंबकला घेऊन जा. नारायण नागबळी. तीन दिवस लागतात."

बाहेर बघितलं तर रस्ता खणलेला. सिंहस्थ २०२७ ला आहे. याच कोपऱ्यावर २०१५ च्या सिंहस्थाआधीही खड्डा होता, तेव्हा माझी गाडी त्यात गेली होती. २००३ ला मी कॉलेजात होतो, तेव्हा सायकल. गुरू सिंहेत येतो दर १२ वर्षांनी. तो त्याच्या वेळेवर येतो, इकडे दर खेपेला धावपळ अशी की जणू त्यानं कालच फोन करून कळवलं. खणायचं, बुजवायचं, डांबर घालायचं, मग पाइप विसरला म्हणून परत खणायचं. स्कायरिममध्ये ड्रॅगन निदान पुरलेल्या जागेतूनच उठतात. इथे काय कुठून उठेल सांगता येत नाही. परवा आमच्या घरासमोरून केबल उठली, तिच्याबरोबर तीन दिवस इंटरनेट गेलं, आणि ते का गेलं हे सांगायला कुणी फोनवर नाही. असो.

"शेवट काय होतो?" गुरुजी.

मी सांगितलं, सगळ्यात उंच शिखरावर एक म्हातारा ड्रॅगन राहतो. तो विचारतो, बाबा रे, तू अल्डुइनला का थांबवतोयस? हे जग संपल्याशिवाय पुढचं जन्माला येणार नसेल तर?

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"उत्तरं दिलेली असतात, त्यातलं निवडायचं. मला हे जग आवडतं, ते संपू नये, असं निवडलं."

"हे?" गुरुजींनी हनुवटीनं बाहेरच्या खड्ड्याकडे खूण केली. मग म्हणाले, "आणि मारलात त्याला?"

"मारला. पण त्याचा आत्मा मात्र गिळता येत नाही. तो विरून जातो. कल्पांती परत येईल, असं म्हणतात."

"येणारच. काम राहिलंय त्याचं."

मग ते जरा वेळ गप्प राहिले आणि त्यांनी जे सांगितलं ते मला अजून टोचतंय. "यजमान, माणसाचं काय होतं? संचित बरोबर येतं, आठवण पुसली जाते. तुमचं उलटं झालंय. संचित गेलं, आठवण सगळी शाबूत. कोणता बोळ कुठे जातो, कुठल्या पेटीत काय आहे, कोण दगा देणार, सगळं ठाऊक, आणि हातात काही नाही. पुराणात याला शाप म्हणतात."

मला खरंच भरून आलं. तेवढ्यात पोरानं मान वर केली. "गुरुजी, तुमचाही सी ड्राइव्ह उडवावा लागणार."

मी श्वास रोखून वाट पाहिली. खोटं कशाला बोलू, मला थोडा आनंदही झाला. आता बघू, ब्रह्मदेवाचा दिवस कसा मावळतो ते. आत ११ वर्षांच्या पत्रिका होत्या, यजमानांची नावं, गोत्रं, श्राद्धाच्या तिथी.

"उडव की," गुरुजी म्हणाले आणि उपरण्याखाली हात घालून त्यांनी जानवं बाहेर काढलं. जानव्याला कपाटाची किल्ली होती आणि किल्लीशेजारी पेन ड्राइव्ह. "दर एकादशीला कॉपी करतो."

मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं: "तुम्ही नाही ठेवत?"

मी १,२०० रुपये दिले. स्पेसबारचं विचारलं. पोरगा म्हणाला, "तो कीबोर्डच बदलावा लागेल काका, त्याचे वेगळे."

रात्री गेम पुन्हा उतरवून घेतली. तिची सुरुवात बदलत नाही. हात बांधलेत, घोडागाडीत आहोत, समोरचा म्हणतो, आलास का शुद्धीवर. त्याच्या शेजारचा घोडेचोर पुढे पळणार आणि बाण खाऊन मरणार, हे मला ठाऊक. सांगताही येत नाही. बायको दारातून म्हणाली, "परत तीच गाडी?" आणि झोपायला गेली.

गाडी थांबली. घोडेचोर पळाला, मेला. शिपायानं हातातली यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि कॅप्टनबाईंना म्हणाला, याचं नाव यादीत नाही. त्या म्हणाल्या, यादी राहू दे, ठोकळ्याकडे ने.

गेलो. मान ठेवली.