‘बजेटच्या मानाने चांगला’ म्हणजे नेमका कसा?

गेल्या रविवारी आम्ही घरातल्या आणि घरच्यासारख्या पाच जणांनी मिळून ‘वर्मवुड’ हा २०१४ सालचा ऑस्ट्रेलियन झॉम्बीपट पाहिला. सिनेमा जेमतेम शंभर मिनिटांचा, पण त्यावरचा वाद जेवणाची ताटे वाळेपर्यंत चालला. भाच्याच्या मते गेल्या वर्षभरात त्याने पाहिलेल्या मारधाडपटांत हा सर्वांत मजेदार होता. मेहुण्यांनी विसाव्या मिनिटाला मोबाईल हातात घेतला होता आणि शेवटी “कॉलेजच्या पोरांनी गॅदरिंगसाठी काढल्यासारखा आहे” एवढाच शेरा मारला. संकलनाचे काम करणारी एक मैत्रीण, दर दीड सेकंदाला दृश्य तोडल्यामुळे डोळे दुखू लागल्याची तक्रार करत होती. माझ्या बायकोने समेटाचा सूर लावत म्हटले, “बजेटच्या मानाने चांगला आहे.” वरवर पाहता या चौघांत सर्वांत समंजस मत हेच होते, आणि मला सर्वांत जास्त खटकले तेही हेच. (पुढे कथेतील काही गोष्टी उघड होतील. ज्यांना कोऱ्या मनाने पाहायचा आहे, त्यांनी येथेच थांबावे.)

किया आणि ट्रिस्टन रोश-टर्नर या दोघा भावांचा हा पहिला सिनेमा. कियाने दिग्दर्शन केले, ट्रिस्टनने निर्मिती सांभाळली. सुमारे १ लाख ६० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर एवढ्या रकमेत, शनिवार-रविवार गाठून, जवळजवळ चार वर्षे हे काम चालले होते. उल्कावर्षावानंतर माणसांचे झॉम्बी होऊ लागतात. एका विशिष्ट रक्तगटाची मोजकी माणसे तेवढी वाचतात. बॅरी हा मेकॅनिक आपल्या पत्नीला आणि लहान मुलीला गमावतो आणि बहीण ब्रूक हिच्या शोधात निघतो. तिकडे ब्रूकला काही सैनिकांनी आणि एका विक्षिप्त डॉक्टरने पकडून प्रयोगासाठी बांधून ठेवलेले असते. कथानक म्हणाल तर एवढेच, पोस्टकार्डावर मावेल असे.

आता यात एक गोष्ट अशी आहे की, ज्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पाहीन. या जगात पेट्रोल पेटेनासे झालेले आहे, आणि झॉम्बीच्या तोंडातून बाहेर पडणारा वायू मात्र भडकन पेट घेतो. मग ही मंडळी काय करतात, तर झॉम्बीला पकडून ट्रकच्या मागच्या भागात साखळदंडांनी जखडतात, त्याच्या तोंडावर नळी बसवतात आणि त्याच्या उच्छ्वासावर गाडी पळवतात. तो जीव तिथे गुरगुरतो आहे, दात विचकतो आहे, आणि त्याच्या प्रत्येक फुत्काराबरोबर इंजिनाला बळ मिळते आहे. भाचा या प्रसंगाला सोफ्यावरून उठून उभाच राहिला. मेहुण्यांनीही मान वर केली, हे मी पाहिले आहे, त्यांनी कितीही नाकारले तरी.

या कल्पनेकडे निर्मात्याच्या नजरेतून पाहा. पेट्रोल पेटत नाही, म्हणजे जगातली सगळी वाहने आपोआप बंद. म्हणजे रस्ते रिकामे का, हा प्रश्नच उरला नाही, आणि शहराची वर्दळ, गाड्यांच्या रांगा, उलटलेल्या बसेस असे काहीही उभे करण्याची गरज राहिली नाही. एकच रक्तगट वाचतो, म्हणजे वाचलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असणार. तेव्हा नटांची संख्याही कथेनेच आटोक्यात ठेवली. जे परवडत नव्हते ते ‘या जगात नाहीच’ असे ठरवून टाकले आणि त्या नसण्यातूनच सिनेमातील सर्वांत चमकदार प्रसंग काढला. ‘बजेटच्या मानाने’ या शब्दांनी आपण या अकलेला दयेच्या खात्यात टाकतो. ही कल्पना शंभरपट पैसा असलेल्या माणसालाही सुचली असती तर चांगलीच ठरली असती. फरक इतकाच, की त्याला ती सुचण्याचे काही कारण नव्हते.

मी हे थोडे अनुभवातून बोलतो आहे. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धेसाठी मी पडद्यामागची कामे करत असे. एका वर्षी आमच्या नाटकात खून होता आणि रक्तासाठी आम्ही साखरेच्या पाकात खाण्याचा लाल रंग कालवला होता. तालमीत तो अगदी अस्सल दिसला. प्रयोगाच्या दिवशी पिवळ्या दिव्याखाली तो इतका केशरी झाला की, पहिल्या रांगेतून “जिलबी, जिलबी!” अशी आरोळी आली आणि आमचा शोकांत प्रयोग हशात बुडाला. परतताना आम्ही सगळे पैशांना दोष देत होतो. खरे तर दोष पैशांचा नव्हता. तो पाक एकदा दिव्याखाली धरून पाहण्याची तसदी आमच्यापैकी कोणी घेतली नव्हती, इतकेच. तेव्हापासून कुणी ‘पैसे नव्हते हो’ म्हटले की मला ती जिलबी आठवते.

म्हणूनच मेहुण्यांच्या शेऱ्यातही मला गोंधळ दिसतो. ‘स्वस्त’ या एका शब्दात ते दोन वेगळ्या तक्रारी कोंबतात. चित्राचा करडा-पिवळट रंग, काही ठिकाणी उघडी पडणारी रंगभूषा, चार झॉम्बी चाळीस भासवण्यासाठी केलेली कापाकापी, या गोष्टी पैशांअभावी आल्या असे म्हणता येईल, आणि त्यांच्याकडे मी डोळेझाक करतो. पण सिनेमाचे जे खरे दुखणे आहे ते फुकट बरे होण्यासारखे होते. ब्रूक ही या कथेतील सर्वांत सामर्थ्यवान व्यक्ती. प्रयोगांमुळे तिला झॉम्बींना मनाने हलवण्याची शक्ती मिळते. अशा पात्राला अर्ध्याहून अधिक सिनेमाभर बांधून ठेवायचे आणि समोर डॉक्टरला गाण्यावर नाचवायचे, हा लेखनातला आळस आहे. तो प्रसंग पहिल्यांदा गंमतशीर वाटतो, नंतर मात्र नुसता लांबत जातो. सैनिकांपैकी एकाचाही चेहरा लक्षात राहत नाही. कागदावर चार ओळी जास्त लिहायला डॉलर लागत नाहीत.

गंभीर आणि विनोदी सुरांच्या सरमिसळीबद्दल मात्र मी सिनेमाच्या बाजूने आहे. बॅरीला खिळे मारण्याच्या बंदुकीने आपल्याच घरातल्या माणसांना मारावे लागते, आणि त्यानंतर थोड्याच वेळात विनोद सुरू होतात, हे बायकोला पटले नाही. पण बेनी हे पात्र आठवा. लिऑन बर्चिल या आदिवासी ऑस्ट्रेलियन नटाने ते केले आहे. शिकारीला गेलेल्या आपल्या भावांचे काय झाले हे तो बॅरीला सांगतो, तेव्हा त्याच्या बोलण्याची ढब हसू आणणारी आहे आणि सांगितलेली गोष्ट भयंकर आहे. दुःख आणि थट्टा एकाच घासात येतात. आपल्याकडे मयताला जमलेल्या मंडळींत कोपऱ्यात उभे राहून कुजबुजत विनोद करणारा एखादा काका असतोच. बेनी मला त्याच जातकुळीतला वाटला.

“हा तर गरिबांचा ‘मॅड मॅक्स’,” असेही मेहुणे म्हणाले. आता, गाड्यांच्या पाठलागांसाठी गाजलेल्या त्या ऑस्ट्रेलियन मालिकेतला ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ आला २०१५ मध्ये, म्हणजे ‘वर्मवुड’नंतर; आपण तो आधी पाहिला म्हणून हा नक्कल वाटतो. आणि १९७९ सालचा मूळ ‘मॅड मॅक्स’ तरी कुठे श्रीमंतांचा होता? दिग्दर्शक जॉर्ज मिलरने तोही साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्येच उरकला होता. उसनवारी आहे, नाही असे नाही, पण ती घरच्याच भावकीतली आहे.

झॉम्बीपटांचा संसारच मुळी काटकसरीत उभा राहिला. अमेरिकी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने १९६८ मध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला तो सुमारे १ लाख १४ हजार अमेरिकी डॉलरमध्ये, कृष्णधवल फिल्मवर, आणि रक्त म्हणून चक्क चॉकलेटचे सिरप वापरून. (त्यांनी ते फिल्मवर कसे दिसते हे पाहून घेतले असणार. जिलबी झाली नाही.) तेव्हा तो किळसवाणा आणि विकृत म्हणून अनेकांनी झोडपला, १९९९ मध्ये तोच अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी निवडला गेला. जपानी ‘वन कट ऑफ द डेड’ने तर प्रेक्षकाच्या ‘स्वस्त आहे’ या शेऱ्यावरच सापळा रचला. सुमारे तीस लाख येनमध्ये केलेल्या त्या सिनेमाचा सदतीस मिनिटांचा पहिला अखंड शॉट पाहताना आपण चुका मोजत बसतो, आणि उत्तरार्धात त्या प्रत्येक चुकीचा हिशेब आपल्यालाच चुकता करावा लागतो.

‘बजेटच्या मानाने’ या वाक्याचा मला इतका राग का, हेही सांगतो. ते आपण मराठी सिनेमाबद्दल फार वर्षे ऐकत आलो आहोत. आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ जानेवारी २०२२ मध्ये आला तेव्हा माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी “मराठीत झॉम्बी दाखवले हेच खूप झाले” असे म्हणून त्याची पाठ थोपटली, आणि उरलेल्यांनी त्याच कारणासाठी तो पाहिला नाही. टोलेजंग इमारत, शेजारची वस्ती आणि दोघांमधला पाण्याचा प्रश्न यांतून ते संकट उभे करण्याची कल्पना किती नेमकी डोंबिवलीची आहे, किंवा पुढे ती कुठे सैल पडते, यावर दोन्ही बाजूंपैकी कोणी बोलायलाच तयार नव्हते. सांभाळून घेतलेल्या सिनेमावर कोणी भांडत नाही.

रविवारी निदान आम्ही भांडलो. मी ‘वर्मवुड’ला दहापैकी साडेसहा देतो, सवलत न धरता, दीड गुण ब्रूकला बांधून ठेवल्याबद्दल कापले, बाकीचे मधल्या पसरट भागाबद्दल. मैत्रीण पाचावर अडून आहे. भाच्याने नऊ दिले आणि वर विचारले, “मामा, २०२१ मध्ये याचा दुसरा भाग आलाय, या रविवारी लावायचा का?” मेहुणे लगेच म्हणाले की त्यांना त्या दिवशी काम आहे. मग थोड्या वेळाने, चपला घालता घालता, किती वाजता लावणार आहात असे त्यांनीच विचारले.