वेदना म्हणजे वाढलेला स्पर्श का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

ज्ञानेंद्रियांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्ञानेंद्रियं पाचच; स्पर्श वाढला की त्याचीच वेदना होते, हे चिमटा काढून कुणीही पाहावं; तोल आणि हालचाल यांची निराळी जाणीव मानणं हे पाश्चात्त्यांचं खूळ; तिखट ही चव आहे, तिला मी उगाच 'भाजणं' म्हटलं. आणि शेवटी, काकूंचा तोल अंधारात जातो, पण कान तपासून घेतले तर ठणठणीत, मग 'तोल कानात असतो' हे माझं वाक्य खरं कसं?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं वळल्याचं सांगतात आणि शेजारचे कॅल्शियमचे बारीक कण ते कलल्याचं. पण उभं राहायला एवढं पुरत नाही. डोळे लागतात, आणि तळवे, घोटे, स्नायू यांच्याकडून येणारी खबरही लागते. लेखात मी सगळं श्रेय कानाला देऊन मोकळा झालो. पायांची खबर मंद झाली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो आणि दिवा गेला की अडखळतो. पाय जुळवून, डोळे मिटून उभं करण्याची डॉक्टरांची रोमबर्ग चाचणी हेच तपासते. पुष्कळांना हे पहिल्यांदा कळतं ते बेसिनपाशी, तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की पुढे झोक जातो तेव्हा. 'कापसावर चालल्यासारखं वाटतं' असंही काही जण सांगतात. जुना मधुमेह किंवा बी-१२ची कमतरता असली तरी असं होऊ शकतं. काकूंना काय झालंय हे मी इथून सांगणं बरोबर नाही, पण कान ठीक असतील तर पायांच्या नसाही तपासून घ्या. आणि बाथरूमच्या वाटेवर रात्री एक छोटा दिवा राहू द्या.

आता चिमटा. चिमट्यात दाब आणि वेदना एकदमच येतात, म्हणून एकाच गोष्टीच्या दोन पायऱ्या वाटतात. पण काही आजारांत दोन्हींची फारकत झालेली दिसते. १९७१ साली इयान वॉटरमन या १९ वर्षांच्या ब्रिटिश तरुणाची मानेखालची स्पर्शाची आणि अवयवांच्या स्थितीची जाणीव एका आजारानंतर कायमची गेली. स्नायूंत ताकद होती, पण हात कुठे आहे हे पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. प्रत्येक हालचाल नजरेने करायला तो नव्याने शिकला. दिवे गेले की कोसळायचा. वेदना आणि ऊन-गार मात्र त्याला कळत होतं. वेदना म्हणजे वाढलेला स्पर्श असती, तर मूळ स्पर्श नसताना ती आली कुठून? त्याचे गेले होते ते नसांतले जाड, वेगवान तंतू. वेदनेचे बारीक तंतू शाबूत होते. ठेच लागल्यावर आधी 'आपटलं' कळतं आणि ठणका मागाहून येतो, तो याच तंतूंच्या सावकाशीमुळे.

मज्जारज्जूत तर दोघांच्या वाटाच निराळ्या. वेदनेची वाट आत शिरल्यावर लगेच बाजू ओलांडते, स्थितीच्या जाणिवेची त्याच बाजूने वर जाते. म्हणून रज्जू उजवीकडून अर्धा कापला गेला, तर जखमेखाली उजवा पाय कुठे आहे ते कळत नाही आणि डाव्या पायाला टोचलेलं कळत नाही.

'पाच'शी माझं भांडण नाही. पण पाश्चात्त्यांचं म्हणाल तर अॅरिस्टॉटलनेही पाचच मोजली होती! आणि सांख्यांनी पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं धरून शिवाय मनाला अकरावं स्थान दिलं. ते नसा मोजायला बसले नव्हते. अवयवांच्या स्थितीच्या जाणिवेला ब्रिटिश शास्त्रज्ञ शेरिंग्टनने १९०६ मध्ये नाव दिलं. त्यामागे पिएझो-२ हे प्रथिन आहे. पेशी ताणली की ते दार उघडतं. २०१० मध्ये ते सापडलं आणि त्यासाठी आर्डेम पटापूटियन यांना २०२१चं नोबेल मिळालं.

ते नोबेल विभागून मिळालं डेव्हिड ज्युलियस यांना, आणि त्यांनी हाताशी धरली होती मिरची. मिरच्या चिरल्यावर बोटांची आग होते. बोटांना काही जीभ नसते. साधारण ४३ अंशांच्या वर उष्णता गेली की जे प्रथिन 'भाजलं' म्हणून ओरडतं, तेच मिरचीतल्या कॅप्सेसिनने उघडतं, हे त्यांनी १९९७ मध्ये दाखवलं. ठेच्यावर गरम चहा घेतला तर तोंड जास्त पोळतं, कारण ते प्रथिन आधीच चेतलेलं असतं. पक्ष्यांच्या प्रथिनाला कॅप्सेसिन लागतच नाही, म्हणून पोपट मिरची मजेत खातो. तेव्हा 'भाजणं' हा शब्द मी राहू देतोय. कानाचं वाक्य मात्र आज रात्री दुरुस्त करतो.