मेगावॉट दुप्पट, म्हणून युनिट दुप्पट?

नाशिकमध्ये एक मेसेज फिरतोय: "वैतरणा जलविद्युत केंद्रातला ६० मेगावॉटचा संच जुना झालाय. धरण, बोगदा तयारच आहे. १२० मेगावॉटचा बसवा, त्याच पाण्यात वीज दुप्पट. फक्त यंत्र बदलायचं, चार महिन्यांचं काम."

त्याच पाण्यात दुप्पट वीज निघत नाही. उदाहरणादाखल १०० मीटर उंची धरू. तिथून उतरणाऱ्या दहा लाख घनमीटर पाण्यात सुमारे २,७२,५०० युनिट असतात. थकलेला संच त्यातले ८४ टक्के काढत असेल आणि नवा रनर (पाण्याने फिरणारं टर्बाइनचं पात्यांचं चाक) ९० टक्के, तर २,२९,०००चे २,४५,००० होतील. ही सात टक्के वाढ मोलाची आहेच. पण मोठा संच तेच पाणी निम्म्या वेळात संपवतो. त्याचा खरा फायदा संध्याकाळच्या वाढलेल्या मागणीला. जास्तीचे युनिट हवे असतील तर सांडव्यावरून दरवर्षी किती पाणी वाया जातं, त्याच्या नोंदी आधी काढा.

"बोगदा तयारच आहे" इथे तर हिशेब उलटाच पडतो. त्याच पाइपातून दुप्पट प्रवाह नेला की घर्षण चौपट होतं. आज १०० मीटरपैकी ३ मीटर त्यात जात असतील, तर उद्या १२ जातील. ९७चे ८८ झाले, म्हणजे नव्या रनरची कमाई तिथेच बुडाली. शिवाय पाण्याचा वेग सेकंदाला एका मीटरने एकदम तुटला, तर पेनस्टॉकमधला (टर्बाइनकडे पाणी नेणाऱ्या मोठ्या पाइपातला) दाब सुमारे १०० मीटर पाण्याइतका उसळतो. म्हणून गाइड व्हेन (रनरकडे जाणारं पाणी कमी-जास्त करणाऱ्या झडपा) सावकाश मिटवाव्यात, तर ग्रिडपासून एकदम तुटून भार सुटलेला संच तेवढ्यात बेफाम पळतो. या कात्रीतून सुटायचं तर समांतर पाइप किंवा मोठा सर्ज शाफ्ट (उसळलेलं पाणी सामावून घेणारी उभी विहीर) लागतो.

फक्त यंत्र बदलूनही भागत नाही. स्टेटर (जनित्राचा स्थिर, गुंडाळ्यांचा भाग), ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर आणि क्रेनची क्षमता, सगळंच तपासावं लागतं. टर्बाइनच्या जुन्या खड्ड्यात जास्त प्रवाहाचा रनर पुरेसा खोल बसला नाही, तर कॅव्हिटेशनने (कमी दाबाने पाण्यात झालेले वाफेचे बुडबुडे फुटून) पात्यांना खड्डे पडतात. टेंडरआधी पेनस्टॉकची जाडी अल्ट्रासॉनिकने आणि स्टेटरचा टॅन डेल्टा (इन्सुलेशन किती खराब झालंय ते सांगणारा आकडा) मोजलाच पाहिजे.

चार महिन्यांत तर नवा रनर ओतून, घासून कारखान्याबाहेरही पडणं अवघड. काँक्रीटमध्ये गाडलेल्या भागांची अवस्था संच उघडल्यावरच कळते. त्यात हे पाणी पुढे मोडकसागरमार्गे मुंबईला पिण्यासाठी जातं. संच बंद ठेवण्याआधी ते दुसऱ्या वाटेने किती सोडता येईल, हे मोजून ठरवावं लागेल.