द रॉयटरने लंडन जाळलं नाही, मावशी

काल मावशीने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, 'मुलांना वाचून दाखवा.' म्हणून हा खटाटोप, एरवी असल्या मजकुराच्या नादी कोण लागतं! मजकूर थोडक्यात असा: डच आरमारप्रमुख मिखील द रॉयटरने १६६७ मध्ये लंडन जाळलं, राजाचं जहाज तुंबळ लढाईत जिंकलं, इंग्लंडला शरण आणलं आणि आरमाराची विद्या शिवाजी महाराजांनी त्याच्याकडूनच घेतली.

आधी लंडन. ते जळालं सप्टेंबर १६६६ मध्ये, पुडिंग लेनमधल्या एका बेकरीतून आग पसरून. इंग्रज-डच युद्धात डच इंग्लंडच्या मेडवे नदीत शिरले जून १६६७ मध्ये, आणि तेही इंग्रज आरमाराच्या चॅटमच्या गोदीपर्यंत. लंडन तिथून पन्नासेक किलोमीटर. म्हणजे नऊ महिने आधी विझलेली आग द रॉयटरने लावली! बरं, ही थापही शिळी आहे. लंडन जळत असतानाच 'डचांनी लावली, फ्रेंचांनी लावली' अशी आवई उठली आणि रस्त्यात दिसेल त्या परदेशी माणसाला लोकांनी बडवलं. रॉबर्ट ह्युबर्ट नावाच्या फ्रेंच घड्याळजीने कबुलीही दिली, की मीच खिडकीतून आगीचा गोळा टाकला. त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं आणि त्या बेकरीला तशी खिडकीच नव्हती. तरी ऑक्टोबरात त्याला फाशी दिली. नंतर त्याला आणणाऱ्या जहाजाचा कप्तान म्हणाला, हा उतरला तोच आग लागल्यावर दोन दिवसांनी. हे वाचून दाखवायचं मुलांना?

राजाचं ते जहाज, 'रॉयल चार्ल्स', डचांनी नेलं हे मात्र खरं, मान्य. त्याच्या पिछाडीचं कोरीवकाम आजही ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. पण तुंबळ लढाई? इंग्रजांच्या आरमार कचेरीतला अधिकारी सॅम्युअल पेप्स रोजनिशी लिहायचा. त्याच्या कानावर आलं ते असं: नऊ जणांची एक होडी आली, जहाजावर चिटपाखरू नव्हतं, एकाने वर चढून निशाण उतरवलं, तुतारीवाल्याने एक चाल वाजवली. संपलं. खजिन्यात खडखडाट, म्हणून मोठी जहाजं गोदीत बांधून ठेवलेली आणि खलाशांच्या हातात पगाराऐवजी 'पैसे नंतर देऊ' अशा चिठ्ठ्या. डच जहाजांवरून चक्क इंग्रजीत, म्हणजे डचांना जाऊन मिळालेल्या इंग्रज खलाशांच्या, आरोळ्या येत होत्या, असंही पेप्सच नोंदवतो: आधी चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता डॉलरसाठी (म्हणजे डचांच्या रोख नाण्यांसाठी) लढतो!

शिवाय नदीत पुढे घुसली ती फान घेंट या दुसऱ्या डच आरमारी अधिकाऱ्याची तुकडी. द रॉयटर सगळ्या आरमाराचा प्रमुख, आणि मोठा दर्यावर्दी होताच. पण म्हणून सगळंच त्याच्या नावावर?

शरणागतीचं तर काही बोलूच नये. जुलैत नेदरलँड्समधल्या ब्रेडाला तह झाला. त्यात दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम डचांकडे राहिलं आणि न्यूयॉर्क इंग्रजांकडे. शरण आलेल्याच्या पदरात न्यूयॉर्क कोण टाकतं?

राहता राहिले महाराज. सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं १६६४ मध्ये, म्हणजे चॅटमच्या हल्ल्याआधी सुमारे अडीच वर्षं. डचांची वखार वेंगुर्ल्याला होती, तेवढाच काय तो धागा. द रॉयटरने हिंदुस्थानात कधी पाऊलही ठेवलं नाही.