नानांचा मोर

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. इथं लिहून टाकतो, नाहीतर दिवसभर घरच्यांवर निघेल.

भाचा दोह्याला नोकरीला आहे. त्यानं काल रात्री तिथल्या एम. एफ. हुसेन म्युझियमचे फोटो पाठवले. निळी इमारत, आत मोठमोठी चित्रं. खाली प्रश्न, "मामा, हे आपल्या पंढरपूरचे ना?" होय रे बाबा, आपल्याच. 1915 साली पंढरपुरात जन्मले. म्युझियम मात्र कतारमध्ये. (हुसेनवरून कमेंटमध्ये भांडू नका. तो आजचा विषय नाही.)

तेच फोटो मोबाइलमध्ये घेऊन इथं सोलापुरात होम मैदानावर गेलो. फिरणं झाल्यावर चहाला नेहमीची टोळी. म्हटलं, आपल्या गावातल्या पैसेवाल्यांनी मनावर घेतलं तर याच्या शंभराव्या हिश्शाचं का होईना, चित्रांचं एक म्युझियम भर गावात का होऊ नये? एक मित्र, ज्याच्या घरचे माग होते (नाव लिहीत नाही, तो वाचतोय), म्हणाला, "आधी नळाला पाणी येऊ दे बे, मग चित्रं बघू." सगळे हसले. मीपण हसलो. तेच जास्त लागलं.

पाण्याचं खरं आहे. माझ्याकडंही चार-पाच दिवसाआडच येतं. पण त्यासाठी मी पट्टी भरतो, ते काम महापालिकेचं. देणगीचा पैसा कधी पाइपलाइनला गेलाय का? तो वाढदिवसाच्या फ्लेक्सला जातो, कमानींना जातो, डीजेला जातो. ज्या गल्लीत घागरीच्या रांगा लागतात त्याच गल्लीत भिंती हादरवणारा डीजे लागतो, तेव्हा कुणी म्हणत नाही, आधी नळाला पाणी येऊ द्या. चित्र म्हटलं की मात्र सगळ्यांना तहान लागते!

आमचे नाना चादरीची डिझाइन काढायचे. अशोक चौकाकडच्या एका कारखान्यात. पुढ्यात ग्राफ पेपर, बारीक ब्रश, लाल रंगाची बाटली. कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा ते एकेका चौकोनात भरायचं. मग तो ग्राफ पंचिंगवाल्याकडं जायचा, तो कार्डाला भोकं पाडायचा, कार्डांची माळ मागावरच्या जकार्ड यंत्रावर चढायची आणि माग खडखडायला लागला की चादरीवर मोर उतरायचा. नानांचा एक मोर होता. मान मागं वळवलेला, पिसारा अर्धाच उघडलेला. तो पूर्ण व्हायला त्यांना तीन आठवडे लागले होते आणि त्या तीन आठवड्यांत त्यांनी घरात कुणाशी धड बोलणं केलं नव्हतं. सोलापुरी चादर जगभर गेली, तिला जीआय मानांकन मिळालं, पण तिच्यावरचा मोर कुणी काढला हे कधी कुणी विचारलंय? मालकाचा छाप चादरीवर असतो. नानांचं नाव कुठंच नाही.

नवीन डिझाइन आलं की जुने ग्राफ रद्दीत. गठ्ठेच्या गठ्ठे, किलोवर.

आता म्हणाल, देणगीतून उभं केलं की दारावर शेटजींचं नाव लागणार, उद्घाटनाला पुढारी येणार, आत शेटजींच्या आजोबांचं तैलचित्र लागणार. लागेल की. लागू दे. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 साली सर कावसजी जहांगीर यांच्या पैशातून उभी राहिली, नावही त्यांच्याच घराण्याचं. कुणाचं काय बिघडलं? सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, तर 1938 साली, सोलापूरपेक्षा कितीतरी लहान गावात, आपला संग्रह लोकांना खुला केला. आज तिथं जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प आहे. औंधात! आणि आपल्याला पैशाचं कारण सांगतात. आपल्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, हे गड्डा यात्रेच्या दिवसांत पाहुण्यांना छाती फुगवून आपणच सांगतो ना?

फक्त ते रिंगरोडच्या पलीकडं नको. नवी पेठेतून, पार्क चौकातून चालत जाता यावं. पूर्व भागातला विणकर माणूस पगाराच्या दिवशी बायकापोरांना घेऊन सायकलवरनं आला पाहिजे. बंद पडलेल्या एखाद्या गिरणीची शेड मिळाली तर सोन्याहून पिवळं. आत हुसेनचं मूळ चित्र नसलं तरी चालेल, तेवढी ऐपत कुणाचीच नाही. ग्राफ लावा. पंचिंगची कार्डं लावा. वॉल हँगिंग लावा. एक माग चालू ठेवा, पोरांना आवाज ऐकू दे.

एवढं रागानं लिहिलं, पण एक गोष्ट मघाशी गाळली. मोराचा ग्राफ रद्दीत गेला नव्हता. नानांनी तो मालकाला विचारून घरी आणला होता, गुंडाळी करून ट्रंकेवर ठेवला होता. मी सातवीत होतो. गणिताच्या वहीला कव्हर पाहिजे होतं, कागद जाड होता. मीच कापला. रंगाची बाजू आत घातली, बाहेरून पांढरं दिसावं म्हणून. नानांनी वही बघितली, उघडली, मिटली. एवढंच म्हणाले, "घडी सरळ घातलीस." वर्ष संपल्यावर ती वही मीच विकली. त्या पैशाचं आइसफ्रूट खाल्लं.

त्यामुळं मित्रा, तुझ्यावर आता तितका राग नाही. पाण्याचं तू बोललास ते बरोबरच होतं, जा. पण तुझ्या पोटमाळ्यावर कारखान्याचे जुने ग्राफ पडलेत, मला माहितीय. दिवाळीच्या साफसफाईत वहिनींना त्यांना हात लावू देऊ नकोस. रविवारी येतो मी, शिडी काढून ठेव.