१० − ४ + ३ चं उत्तर ९च आहे, ‘बे’ आधी असला तरी

‘कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सगळ्यात शेवटी वजाबाकी, म्हणून १० − ४ + ३ = ३. ज्यांना ९ आलं त्यांनी परत चौथीत बसावं. ८ ÷ २(२+२) चं उत्तर फक्त १६. कॅल्क्युलेटरवर विसंबू नका, तो २ + ३ × ४ चे २० करतो.’ व्हॉट्सॅपवर फिरणारा हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि सहावीतल्या भाचीनं वहीत बरोबर आलेलं ९ खोडून ३ लिहिलं. म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिल्या मुद्द्यानं सगळ्यात जास्त नुकसान होतंय. खिशात १० रुपये होते, ४ खर्च झाले, मग कुणीतरी ३ दिले. आता किती? ९. मेसेजवाल्यानं ४ आणि ३ मिळवून ७ वजा केले, म्हणजे मिळालेले पैसेही खर्चात टाकले. वजाचं चिन्ह ४ चं आहे, ३ चं नाही. बेरीज आधी करायचीच असेल तर खुशाल करा, पण −४ आणि +३ यांची करा. ती येते −१. दहातून एक गेला, नऊ उरले. ३ हवे असतील तर १० − (४ + ३) असं लिहावं लागतं. कंस त्यासाठीच असतो.

आधी कंस, मग भागाकार-गुणाकार एका पायरीवर, बेरीज-वजाबाकी त्याखालच्या पायरीवर, आणि एकाच पायरीवरच्या क्रिया डावीकडून उजवीकडे. नियम एवढाच. कंचेभागुबेव ही तो लक्षात ठेवायची खूण आहे. अमेरिकेतल्या शाळांत ‘पेमडास’ शिकवतात, त्यात गुणाकाराचं अक्षर भागाकाराच्या आधी येतं. अक्षरांच्याच मागे जायचं तर १२ ÷ ३ × २ चं उत्तर साताऱ्यात ८ आणि शिकागोत २ यायला हवं. दोन्हीकडे ८च शिकवतात.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करते. ‘भा’ नेहमी ‘गु’च्या आधी धरला तरी उत्तर चुकत नाही. १२ × ६ ÷ ३ कसंही सोडवा, २४च येतात. पण घोळ तिथेच लपतो. अक्षरांचा क्रम पाळला की झालं, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं आणि वजाबाकीनंतर बेरीज आली की ती फसतात. हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

कॅल्क्युलेटरचं अर्धं खरं आहे. दुकानातला साधा कॅल्क्युलेटर बटणं दाबाल तशी क्रिया करत जातो, म्हणून २०. सायंटिफिक कॅल्क्युलेटर १४ देतो आणि तेच बरोबर, कारण ३ × ४ म्हणजे ४ + ४ + ४.

राहिलं ८ ÷ २(२+२). २०१९ मध्ये यावरून ट्विटरवर जगभर भांडणं झाली. डावीकडून गेलात तर १६. पण बीजगणितात २(…) असं चिकटवून लिहिलेलं अनेक जण एकच पद मानतात, तेव्हा १ येतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-८२ आणि टीआय-८३ हे एकाच कंपनीचे कॅल्क्युलेटर, तरी यावर त्यांचं जमत नाही. गणिती चिन्हांचा इतिहास लिहिणाऱ्या फ्लोरियन काजोरी यांनी १९२८ मध्येच नोंदवलंय की ÷ आणि × एकत्र आले तर आधी कुठलं घ्यायचं यावर तेव्हा एकमत नव्हतं. मग १ म्हणणाऱ्याला अडाणी ठरवणारा हा मेसेजवाला कोण? चूक गणित मांडणाऱ्याची आहे. ते मुलांपुढे टाकायचंच असेल तर आडवी रेघ मारून द्या. रेघेवर ८ आणि खाली नुसता २ लिहून त्या अपूर्णांकाला (२+२) नं गुणलं तर १६; २(२+२) सगळं रेघेखाली असेल तर १.